बिडातला वेग : शेवर्लेच्या स्मॉल-ब्लॉक इंजिनाच्या अभ्यासाची प्रस्तावना

मुंबईत शिवडीला १९२८ पासून जनरल मोटर्सच्या कारखान्यात शेवर्ले गाड्यांची जुळणी होत असे. १९५४ साली ते काम थांबले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस अमेरिकेत शेवर्लेने पुढच्या सालासाठीची आपली नवी गाडी लोकांपुढे आणली आणि तिच्या बॉनेटखाली एक नवे व्ही-एट इंजिन होते. चुकामूक काही महिन्यांचीच. आपल्याकडे शेवर्ले म्हटले की कोणाला जुन्या चित्रपटांतली लांबरुंद इंपाला आठवते, कोणाला वऱ्हाडासाठी ठरवलेली तवेरा. अमेरिकेतल्या जाणकाराच्या डोळ्यांपुढे मात्र हे नाव घेताच आधी ते इंजिन उभे राहते आणि मग गाडी.

त्या इंजिनाला पुढे ‘स्मॉल-ब्लॉक’ हे नाव पडले. २९ नोव्हेंबर २०११ रोजी मिशिगन राज्यातल्या विक्सम येथे या घराण्यातल्या इंजिनांची संख्या दहा कोटींवर पोचली. शेतकऱ्याचा पिकअप, पोलिसांची गाडी, मोटारबोट, शनिवारी रात्री मातीच्या धावपट्टीवर पळणारी गाडी आणि कॉर्व्हेटसारखी स्पोर्ट्‌सकार या सगळ्यांत ते बसले. जगात याहून वेगवान, याहून देखणी, याहून दुर्मीळ इंजिने पुष्कळ झाली आणि त्यांच्यावर लिहिलेही भरपूर गेले आहे. स्मॉल-ब्लॉकचे वेगळेपण दुसरीकडे आहे. ते स्वस्तात बनावे म्हणून आखले गेले आणि स्वस्ताईसाठी त्यातून जे जे वगळले, त्यातूनच त्याचा वेग आला. वाचकांनी हे एक सूत्र मनाशी धरून पुढे जावे, एवढीच सुरुवातीला विनंती.

तांत्रिक शब्दांनी बिचकण्याचे कारण नाही. आठ सिलिंडर, चार-चारांच्या दोन ओळी, आणि त्या दोन ओळी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या तिरक्या, म्हणून व्ही-एट. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर. पिस्टन त्यात जेवढा वरखाली जातो ते अंतर म्हणजे स्ट्रोक. या दोहोंवरून इंजिनाचे घनफळ ठरते आणि त्या काळी अमेरिकेत ते घन इंचांत सांगत. २६५, २८३, ३२७, ३५० हे आकडे तिथल्या गॅरेजांत माणसांच्या नावांसारखे उच्चारले जातात. तुम्हालाही थोड्याच दिवसांत त्यांतल्या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा वाटू लागेल. इतके भांडवल सुरुवातीला पुरते.

१९५५ पूर्वीची शेवर्ले ही भरवशाची, पण निरुत्साही गाडी होती. १९२९ पासून तिच्यात एका रांगेत सहा सिलिंडरांचे इंजिन बसत असे. ते टिकाऊ होते आणि दुरुस्तीला सोपे होते, मात्र तरुण मुलांनी त्याच्यासाठी जीव टाकावा असे त्यात काही नव्हते. त्यांचा जीव फोर्डवर होता. हेन्री फोर्डने १९३२ साली सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत व्ही-एट इंजिन दिले. त्यातले व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्येच असत, म्हणून ते ‘फ्लॅटहेड’. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी जुन्या फोर्ड गाड्या कवडीमोलाने घेऊन, त्यांचे पत्रे उतरवून, इंजिनांत फेरफार करून त्या सुकलेल्या खाऱ्या सरोवरांच्या सपाट तळांवर पळवल्या. या ‘हॉट रॉड’ पंथाची पाळेमुळे फ्लॅटहेडमध्ये आहेत आणि स्मॉल-ब्लॉकची कथा कळायची तर हा पंथ आधी समजून घ्यावा लागतो. इंजिन कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा ते अर्धेच झालेले असते, उरलेले आपण आपल्या हाताने करायचे, अशी त्या मुलांची समजूत होती.

१९५२ मध्ये एड कोल शेवर्लेचे मुख्य अभियंता झाले. त्याआधी जनरल मोटर्सच्याच कॅडिलॅकमध्ये असताना १९४९ साली आलेल्या नव्या व्ही-एटच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. कॅडिलॅकला खर्चाची फारशी फिकीर नव्हती. शेवर्लेला एकेका सेंटचा हिशेब द्यावा लागे. शेवर्लेमध्ये आधीपासून एका छोट्या व्ही-एटचे काम चालू होते. ते बाजूला ठेवून कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाटी कोरी केली. मूळ आराखडा अवघ्या पंधरा आठवड्यांत उभा राहिला असे या विषयावरच्या लिखाणात नेहमी सांगितले जाते. बोअर ३.७५ इंच, स्ट्रोक ३ इंच, घनफळ २६५ घन इंच, म्हणजे सुमारे ४.३ लिटर. स्ट्रोक आखूड असला की त्याच फेऱ्यांत पिस्टनला कमी अंतर कापावे लागते आणि इंजिन जास्त फेरे सहज सोसते. शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यबिंदूंतले अंतर त्यांनी ४.४ इंच ठरवले. हा आकडा वाचकांनी टिपून ठेवावा, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता ओतकामाकडे वळू. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे आपल्या घरातल्या जुन्या तव्याच्याच धातूचा. आतून पाण्याच्या वाटा आणि सिलिंडरांची भोके असलेला असा पोकळ ठोकळा ओतायचा तर वाळूच्या साच्यात वाळूचेच गाभे बसवावे लागतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीत ज्यांनी आयुष्य काढले त्यांना हे सांगायला नको. गाभा जरा सरकला की एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी पातळ होते. म्हणून पूर्वी भिंती मुद्दाम जाड ठेवत, चुकीला वाव राहावा यासाठी. शेवर्लेच्या माणसांनी गाभ्यांची संख्या कमी केली, ते अधिक नेमके बसवले आणि भिंती पातळ ओतल्या. बीड कमी लागले, पैसे वाचले. त्याबरोबर वजनही उतरले, ते इतके की आठ सिलिंडरांचे हे नवे इंजिन कंपनीच्याच सहा सिलिंडरांच्या जुन्या इंजिनापेक्षा सुमारे १८ किलोंनी हलके भरले. हे वाक्य कृपया घाईने वाचू नका. दोन सिलिंडर वाढले आणि वजन घटले. गाडीचे नाक हलके झाले, ती वळणावर वळू लागली, आणि हे सगळे घडले ओतशाळेत.

दुसरी करामत रॉकरची. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये फिरतो आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात. खालची हालचाल पुशरॉड नावाच्या काडीतून वर येते आणि तराजूच्या दांडीसारखा झुलणारा रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. त्या काळी हे रॉकर ओतीव किंवा घडीव असत आणि एका सामाईक दांड्यावर ओवलेले असत. जनरल मोटर्सच्याच पाँटिअकचे अभियंता क्लेटन लीच यांनी पोलादी पत्र्यातून ठोकून काढलेला रॉकर सुचवला. प्रत्येक रॉकर आपापल्या खुंटीवर एका अर्धगोलावर झुलतो, दांडा लागतच नाही. शेवर्लेने तो उचलला आणि पुशरॉड पोकळ करून त्यातूनच तेल वर पोचवले. वेगळ्या तेलनळ्यांची गरज संपली. पुन्हा तेच घडले. स्वस्त रॉकर हलका होता आणि हलका रॉकर जास्त फेऱ्यांवरही व्हॉल्व्हला साथ देत राहिला. मला विचाराल तर स्मॉल-ब्लॉकच्या साऱ्या इतिहासात या वाटीएवढ्या पत्र्याच्या तुकड्याइतकी सुंदर वस्तू दुसरी नाही. संधी मिळाली तर एखादे जुने इंजिन झाकण काढून चालू असताना जरूर पाहा. सोळा रॉकर एका लयीत मान डोलावताना दिसतात.

कौतुकाच्या भरात दोष विसरू नयेत. पहिल्या वर्षीच्या ब्लॉकला तेलाच्या फिल्टरसाठी जागाच ठेवलेली नव्हती. काटकसर इथे अंगाशी आली, आणि पुढच्याच वर्षी ती चूक सुधारावी लागली. इतिहासकाराला मात्र ही चूक फार उपयोगी पडते. कशी, ते शेवटी येईल.

१९५५ साली हे इंजिन साध्या रूपात १६२ अश्वशक्ती देत होते, आणि चार नळ्यांचा कार्ब्युरेटर व दुहेरी एक्झॉस्ट घेतल्यास १८०. त्या सप्टेंबरात साउथ कॅरोलिनातल्या डार्लिंग्टनची पाचशे मैलांची शर्यत हर्ब थॉमस यांनी शेवर्लेत बसून जिंकली. ती गाडी तयार केली होती फ्लॉरिडातल्या डेटोना बीचचे गॅरेजवाले स्मोकी युनिक यांनी. त्याच महिन्यात कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या डोंगराच्या कच्च्या घाटातून, रंगरूप झाकलेली १९५६ ची शेवर्ले १७ मिनिटे २४.०५ सेकंदांत शिखरावर पोचली. चालक होते झोरा आर्कस-डंटॉव्ह.

या माणसापाशी थोडे थांबायला हवे. जन्म १९०९ चा, ब्रुसेल्समधला, आईवडील रशियन, शिक्षण बर्लिनमध्ये. युद्धाच्या काळात अमेरिकेत आल्यावर त्यांनी भावाबरोबर फोर्डच्या फ्लॅटहेडसाठी ‘आर्डन’ हेड बनवले. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या इंजिनाला वेग देण्याचा उद्योग त्यांनी आधीच केलेला होता. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्यांनी पहिली कॉर्व्हेट पाहिली आणि त्याच वर्षी ते जनरल मोटर्समध्ये रुजू झाले. डिसेंबरात त्यांनी वरिष्ठांना एक टिपण लिहिले. हॉट रॉडवाल्यांची मासिके फोर्डने भरलेली आहेत, ही मुले पुढे फोर्डच विकत घेतील, आणि नवे इंजिन आले तरी ती आपणहून आपल्याकडे वळणार नाहीत. तेव्हा त्यांना लागणारे सुटे भाग कंपनीने स्वतः तयार करून द्यावेत, असा त्याचा आशय. या विषयात नव्याने शिरणाऱ्याने सर्वांत आधी काय वाचावे असे कोणी विचारले, तर मी या टिपणाकडे बोट दाखवीन. कारखान्यातला माणूस गॅरेजमधल्या पोराला भागीदार मानतो आहे, हे त्यात स्पष्ट दिसते. कॉर्व्हेटला तर त्याची निकड होतीच. सहा सिलिंडरांच्या इंजिनावर ती गाडी रडतखडत चालली होती आणि १९५५ मध्ये जेमतेम ७०० तयार झाल्या. व्ही-एटने तिला तारले.

१९५७ मध्ये बोअर ३.८७५ इंचांवर गेला आणि २८३ जन्माला आले. त्याच्यावर यांत्रिक इंधन-इंजेक्शन बसवून कंपनीने जाहिरात केली की घन इंचामागे एक अश्वशक्ती. अमेरिकी कारखान्यांत हे प्रथमच घडले असे अजूनही छापून येते. वाचकांनी ते मानू नये. क्रायस्लरने आदल्याच वर्षी ३५४ घन इंचांतून ३५५ अश्वशक्ती विकायला ठेवली होती. २८३ चे मोठेपण या पहिलेपणावर अवलंबून नाही.

ते आहे अदलाबदलीत. या घराण्यातली हेडे, झाकणे, मॅनिफोल्ड बहुतेक एकमेकांना बसतात. भंगारातून आणलेल्या ट्रकच्या इंजिनावर कॉर्व्हेटची हेडे चढवता येतात. २८३ चे सिलिंडर आठवा भाग इंच वाढवून चार इंची केले की घनफळ ३०१ च्या पुढे जाते. हॉट रॉडवाल्यांनी हा गुणाकार फार लवकर केला आणि त्या इंजिनाला ‘३०१’ हे नावही दिले. १९६२ मध्ये कारखान्याचे ३२७ आले : बोअर ४ इंच, स्ट्रोक ३.२५. मग १९६६ मध्ये ट्रान्स-अ‍ॅम शर्यती सुरू झाल्या आणि त्यांत घनफळाची मर्यादा होती पाच लिटर, म्हणजे ३०५ घन इंच. शेवर्लेचे व्हिन्स पिगिन्स यांनी या शर्यतींसाठी कंपनीच्या कमॅरो गाडीची खास आवृत्ती काढावी असा आग्रह धरला. इंजिन कोणते, तर ३२७ चा चार इंची ब्लॉक आणि त्यात २८३ च्या तीन इंची स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट. उत्तर ३०२. पोरांनी गॅरेजमध्ये केलेला हिशेब कारखान्याने काही वर्षांनी आपल्या कागदावर केला. ‘झेड/२८’ नावाच्या या कमॅरो १९६७ मध्ये फक्त ६०२ निघाल्या. मार्क डोनाह्यू यांनी रॉजर पेन्स्के यांच्या संघाकडून ती चालवत १९६८ आणि १९६९ च्या स्पर्धा शेवर्लेला जिंकून दिल्या. कागदावर अश्वशक्ती होती २९०. खरी शक्ती याहून बरीच अधिक होती असे जाणकार मानतात.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण नवखा वाचक हमखास अडखळतो तो याच जागी. जुने अश्वशक्तीचे आकडे इंजिन बाकावर उघडे ठेवून मोजलेले असत. एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे अंगावर न घेता. १९७२ पासून अमेरिकी कंपन्या गाडीत बसलेल्या अवस्थेतली शक्ती सांगू लागल्या. कॉर्व्हेटमधल्या ३५० घन इंची एलटी-१ चा आकडा १९७० मध्ये ३७०, १९७१ मध्ये ३३० आणि १९७२ मध्ये २५५ असा उतरतो. यातली पहिली घसरण खरी आहे, कारण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, अकराला एकवरून नऊला एकवर आणले होते. दुसरी मुख्यतः मोजमापाची आहे. दोन्ही एकाच तक्त्यात ठेवून हळहळणारे लिखाण पुष्कळ सापडेल; तुम्ही प्रत्येक आकड्यामागचे साल आधी पाहा.

कॉम्प्रेशन का उतरवले, हे या इतिहासातले मला सर्वांत भिडणारे प्रकरण आहे. शिशाविना पेट्रोलवर चालतील अशी इंजिने हवी होती. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला शिसे मारक असते, आणि पेट्रोलमधून शिसे गेले की जास्त कॉम्प्रेशन सोसत नाही. जनरल मोटर्समध्ये या बदलाचा आग्रह धरणारे अध्यक्ष होते एड कोल. होय, तेच. १९७५ मध्ये कन्व्हर्टर आले आणि कॉर्व्हेटच्या साध्या ३५० ची शक्ती १६५ वर टेकली. आपल्याच हातच्या इंजिनाचा आवाज त्यांनी शहरांतल्या हवेसाठी खाली आणला. वेगाच्या चाहत्यांनी ती वर्षे अंधारयुग म्हणून काढून टाकली आहेत. मला तो न्याय वाटत नाही. १९५५ च्या धाडसाइतकीच या निर्णयालाही छाती लागली, आणि या काळाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांची आज खरी गरज आहे.

आता ४.४ इंचांकडे. घनफळ वाढवण्याच्या ओढीने १९७० मध्ये ४०० घन इंची आवृत्ती आली; बोअर ४.१२५ इंच. वजाबाकी करून पाहा. दोन सिलिंडरांमध्ये सात मिलिमीटरच उरतात, पाणी खेळायला वाट नाही. म्हणून शेजारचे सिलिंडर एकमेकांना चिकटवूनच ओतावे लागले. कोल यांच्या मंडळींनी आखलेल्या कुंपणाला इंजिन तिथे टेकले. कुंपण मात्र कोणी हलवले नाही. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेले एलएस-१ जवळजवळ सर्वांगांनी नवे होते : ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, डिस्ट्रिब्युटर नाही, प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल, पूर्वापार चालत आलेला १-८-४-३-६-५-७-२ हा सिलिंडर पेटण्याचा क्रमही (फायरिंग ऑर्डर) बदललेला. शक्ती ३४५, तीही नव्या मोजमापाने. पण सिलिंडरांतले अंतर ४.४ इंचच, आणि पुशरॉडही कायम. इतर देशांतल्या कंपन्या हेडमध्ये दोन-दोन कॅमशाफ्ट बसवत असताना इथे जुनी काडी राखली गेली. त्यामुळे इंजिन बुटके, आटोपशीर राहिले आणि गॅरेजमधल्या माणसाला ते कोणत्याही गाडीत उतरवता आले. डंटॉव्ह यांचे टिपण लिहून तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती.

या विषयाचा अभ्यास पुस्तकांतून सुरू होतो, पण तिथे थांबत नाही. मुख्य दस्तऐवज बीड आहे. ब्लॉकच्या मागच्या कडेवर ओतकामाचा क्रमांक उठावाने उमटलेला असतो आणि तिथेच तारीखही असते : आधी महिन्याचे अक्षर, जानेवारीला ए, डिसेंबरला एल, मग दिवस, मग सालाचा शेवटचा एकच आकडा. पुढच्या बाजूला, उजव्या हेडसमोरच्या गुळगुळीत पट्टीवर कारखान्याने ठोकलेले क्रमांक असतात. ही पट्टी घासून नवे क्रमांक ठोकण्याचे प्रकार होतात, कारण मूळ इंजिन असलेल्या गाडीला फार मोठी किंमत येते. ओतलेले अक्षर बदलणे त्या मानाने अवघड, म्हणून दोन्ही नोंदी ताडून पाहाव्यात.

समजा, तुमच्यासमोर तेलाने माखलेला एक ब्लॉक आहे आणि तारखेच्या शेवटी ५ आहे. १९५५, १९६५ की १९७५? क्रमांक पुसट आहे, मालकाला काही ठाऊक नाही. वाचकांनी अशा वेळी ब्लॉकच्या मागच्या बाजूला, डावीकडे खाली हात घालावा. तेलाच्या फिल्टरची बैठक हाताला लागली, तर चिंधी आणि रॉकेल घेऊन ओतकामाचा क्रमांक स्वच्छ करायला बसावे. नाही लागली, तर ते पहिल्या वर्षीचे इंजिन आहे.